कॅप बसवली तेव्हापासून हिरडीतून रक्त येतंय

प्रश्न : डॉक्टर, खालच्या दाढेचं रूट कॅनल करून दिवाळीआधी कॅप बसवली. दाढ दुखत नाही, पण कॅपच्या कडेची हिरडी लाल अन् सुजलेली असते. ब्रश लागला की रक्त येतं म्हणून तिथे ब्रश लावणं सोडलं. शेवग्याची शेंग, मटण काहीही खाल्लं की नेमकं तिथंच अडकतं. आई म्हणे मिश्री लाव. कॅपची अ‍ॅलर्जी असेल का?
– एक वाचक, चोपडा

उत्तर : दादा, आधी मिश्रीचं. ती भाजलेली तंबाखूच, त्याने हिरडी बरी होत नाही, उलट खराब होते, तेव्हा आईंचीही सोडवा.

काही धातूंच्या कॅपमध्ये निकेल असतं, त्याची अ‍ॅलर्जी असते काहींना, पण माझा पहिला संशय कॅपच्या कडेवर. हाडाच्या वर साधारण २ मिलिमीटर हिरडी दाताला घट्ट चिकटलेली असते, कॅपची कड त्या पट्ट्यात घुसली की हिरडी कायम सुजलेली राहते, कितीही ब्रश करा, आणि हळूहळू खालचं हाड झिजायला लागतं. म्हणून कड हाडापासून निदान ३ मिलिमीटर लांब हवी. पुढच्या दाताला कड दिसू नये म्हणून अर्धा मिलिमीटर हिरडीखाली नेतात ते समजू शकतं, पण मागच्या दाढेला कोण बघतंय, तिथे कड हिरडीच्या वरच बरी, साफही करता येते.

कधी कारण साधं असतं, कॅप चिकटवतानाचं सिमेंट हिरडीखाली राहून जातं, ते काढलं की बहुतेक वेळा सूज उतरते. तुमचं अन्न अडकतंय म्हणजे शेजारच्या दाताशी फट राहिलीय असं वाटतं, ती ब्रशने बुजणार नाही, कॅपच बदलावी लागेल. कड फार खोल असेल तर छोटं ऑपरेशन करून हिरडी आणि थोडं हाड खाली घेतात, मग नवी कॅप.

ज्यांची कॅप अजून व्हायचीय त्यांनी आधी दात साफ करून घ्या, रक्त थांबू द्या, मगच माप. सुजलेल्या रक्ताळ हिरडीत कड मापात नीट उमटतच नाही, घाई इथेच नडते.

तोवर ब्रश बंद करू नका हो, मऊ ब्रश आणि फटीत घालायचा बारीक ब्रश रोज फिरवा, आणि एकदा शुगर तपासा. ज्यांनी कॅप केली त्यांच्याकडे जाऊन एक्स-रेमध्ये कड दाखवा म्हणायचं, लाजायचं काय त्यात. समाधान नाही झालं तर धुळ्याच्या डेंटल कॉलेजात हिरड्यांच्या विभागात दाखवा, जुना एक्स-रे सोबत न्या.