तुझ्या मताला तारीख आहे का?

मित्रा,

तुझा मेसेज दोनदा वाचला. शेअरमध्ये पैसा हळूहळू वाढतो, ऑप्शनमध्ये थोड्या पैशात मोठी पोझिशन मिळते, मग शेअरच्या नादी लागायचं कशाला, असं तुझं म्हणणं. हिशोब चुकलेला नाहीये, अर्धाच केलायस.

समज शेअर १०० ला आहे आणि तुला वाटतंय वर जाणार. शेअर घेतलास तर दिशा बरोबर आली की झालं, या महिन्यात नाही गेला तर पुढच्या महिन्यात जाईल, तुला कोणी उठ म्हणत नाही. त्याचाच १०५ चा कॉल ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या तारखेला शेअर १०५ ला घेण्याचा हक्क, ३ ला घेतलास तर एक्स्पायरीला, म्हणजे त्या तारखेला, शेअर १०८ च्या वर पाहिजे, तेव्हा कुठे तू फायद्यात. १०७ ला बंद झाला तर शेअरवाला ७ टक्के कमावून मोकळा आणि तुझा अंदाज बरोबर असूनही ३ मधला १ गेला, १०५ च्या खाली राहिला तर सगळेच गेले. म्हणजे वर जाणार, किती जाणार आणि कधीपर्यंत जाणार, तिन्ही जुळायला हवं. लोक फसतात ते त्या "कधीपर्यंत" मध्ये.

बरं प्रीमियममधला, म्हणजे ऑप्शनसाठी मोजलेल्या किमतीतला, वेळेचा पैसा रोज सारखा पण झिजत नाही. अ‍ॅट द मनी (ठरलेला भाव शेअरच्या चालू भावाइतकाच) ऑप्शनची किंमत, बाकी काही बदललं नाही असं धरून, साधारण उरलेल्या वेळेच्या वर्गमुळाप्रमाणे चालते. ४ आठवडे असताना प्रीमियम ४ असेल तर १ आठवडा उरल्यावर तो २ होतो, पहिल्या तीन आठवड्यांत मिळून जेवढा गेला तेवढाच शेवटच्या एका आठवड्यात जाणार. आणि नवीन माणूस नेमका तो शेवटच्या आठवड्यातलाच उचलतो, कारण स्वस्त दिसतो ना.

मी पण हे केलंय. एका कंपनीचा रिझल्ट चांगला येणार याची खात्री होती, आदल्या दिवशी कॉल घेतले. रिझल्ट चांगला आला, शेअर वर उघडला आणि माझे कॉल लाल! मला वाटलं अ‍ॅपच हँग झालंय. नंतर कळलं की काहीतरी हलणार हे सगळ्यांनाच माहीत असल्यामुळे प्रीमियम आधीच फुगलेला होता, बातमी आली की इम्प्लाइड व्होलॅटिलिटी, म्हणजे शेअर किती हलेल याचा प्रीमियममध्ये धरलेला अंदाज, फुस्स.

आता तू म्हणशील मग विकूया की ऑप्शन, वेळ आपल्या बाजूने. इतक्यात नको. मिळणार तो प्रीमियम तेवढाच, आणि हातात शेअर नसताना कॉल विकलास तर तोट्याला छप्परच नाही. ऑप्शनच्या किमतीचं गणित मांडल्याबद्दल शोल्स आणि मर्टन या अर्थशास्त्रज्ञांना १९९७ ला नोबेल मिळालं, दोघं ज्यात भागीदार होते तो लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट फंड १९९८ ला १४ बँका-ब्रोकरांनी पैसे ओतून कसाबसा सावरला, आणि त्याच्या मोठ्या पोझिशन्समध्ये एक व्होलॅटिलिटी विकण्याचीच, म्हणजे ऑप्शन विकण्यासारखीच, होती.

अजून एक, बिड (घेणारा देतो तो भाव) २.९० आणि आस्क (विकणारा मागतो तो) ३.१० असेल तर घेतल्या घेतल्या ६ टक्क्यांच्या वर गेलेले असतात, चार्ट हलायच्या आधीच.

ऑप्शन वाईट असं मी म्हणतच नाहीये हं. हातातल्या शेअरला संरक्षण म्हणून पुट, म्हणजे ठरलेल्या भावाला विकण्याचा हक्क, घेणं मला पटतं, आणि तुझ्या मताला खरंच तारीख असेल, का आणि कधीपर्यंत हे सांगता येत असेल, तर कॉल पण घे, पूर्ण शून्य झाला तरी झोप उडणार नाही एवढ्याच पैशाचा. तारीख नसेल तर सरळ शेअर घे.

सध्या सहा महिने फक्त शेअर कर. प्रत्येक ट्रेडच्या आधी वहीत तीन रकाने भर, दिशा, किती, कधीपर्यंत, आणि नंतर खोडायचं नाही. पहिला रकाना बऱ्यापैकी जमेल तुला. भेटशील तेव्हा वही घेऊन ये, मला तिसरा बघायचाय.