माणसांसाठी निघालास ना?

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू मला तीन प्रश्न विचारलेस. पहिला, "दीड दिवसासाठी विमानाने कोचीला जाणं म्हणजे पैसे उधळणं नाही का?" दुसरा, "गेलोच तर सोबत मुन्नार उरकून येऊ का?" आणि फोन ठेवता ठेवता, आवाज खाली आणून, "मावशी, तिथे गेल्यावर एकमेकांशी बोलायलाच काही उरलं नसेल तर?"

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी तिथल्या तिथे देऊन टाकली. तिसऱ्यावर मी "अरे, काहीतरीच!" म्हणाले आणि विषय बदलला. ते मला रात्रभर खुपत राहिलं. म्हणून लिहायला बसले आहे.

आधी तुझी परिस्थिती मला नीट कळली आहे का ते सांगते. मे महिन्यात यूथ हॉस्टेल्सच्या कॅम्पवरून हिमाचलातला सारपास खिंडीचा ट्रेक केलात. कसोलच्या तळावर एका तंबूत टाकलेले तुम्ही नऊ जण, कुणी कुणाच्या ओळखीचं नाही. साडेसहा हजार फुटांवरून निघून पावणेचौदा हजारांवर पोचलात, आणि खिंडीतून बिस्केरीकडे बर्फावरून बसून घसरत आलात. रात्री बोर्नव्हिटाचे मग हातात घेऊन ते विस्तवाशिवायचं कॅम्पफायर केलंत. परत आल्यावर तू पंधरा दिवस दुसरं काही बोलत नव्हतास. आता नोव्हेंबरात कोचीजवळच्या आलुव्याच्या त्या मुलाने सगळ्यांना घरी बोलावलंय. सुरतेच्या दोघी बहिणी येताहेत, कोल्हापूरचा येतोय, बंगळुरूची येतेय. आणि तू हिंजवडीत बसून वहीत बेरजा मांडतोयस.

मांड बेरीज, मला त्याचं वावडं नाही. मी तेहतीस वर्षं बँकेत काढली आहेत. पण बेरीज करायची तर पूर्ण कर. रेल्वेने पुण्याहून एर्नाकुलमला पोचायलाच एक दिवस जातो, म्हणजे जाऊन येण्यात शनिवार-रविवार खलास आणि वर दोन-तीन सुट्ट्या. कोकण रेल्वे 1998 साली पूर्ण सुरू झाली तेव्हा आम्हाला तेसुद्धा जवळ वाटलं होतं. विमानाला दोन तासही लागत नाहीत. म्हणजे तू भाड्यात जास्तीचे देतोस त्याचे तुला आलुव्याच्या ओसरीवरचे तास मिळतात. हे तास कशात घालवायचे, एवढाच प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे गेली अनेक वर्षं एकच आहे. माणसांसाठी निघालास, तर माणसांपाशीच थांब.

मुन्नार नाही. ऐकतोयस ना? कोचीहून मुन्नार सव्वाशे किलोमीटरच्या पुढे, घाटरस्ता, चार-पाच तास एका बाजूने. तुझ्या दीड दिवसातले नऊ-दहा तास गाडीच्या काचेतून बाहेर बघण्यात जातील आणि उरलेल्या वेळात सगळे पेंगतील. तिथली नीलकुरिंजी बारा वर्षांनी एकदा फुलते, 2018 साली फुलली होती, आता 2030 साली. तेव्हा जा, आईला घेऊन जा, चार दिवस राहा. डोंगर कुठे पळून जात नाही. नऊ माणसं मात्र एका छपराखाली पुन्हा कधी येतील ते कुणाच्याच हातात नसतं.

आणि फोर्ट कोचीला हॉटेल बघून ठेवलंयस म्हणालास, मासेमारीची चिनी जाळी जवळून दिसावीत म्हणून! अरे, विमानतळ नेडुंबश्शेरीला, तिथून आलुवा दहा-बारा किलोमीटर. फोर्ट कोची तिथून उलट लांब, गर्दीत सापडलास तर दीड तास. यजमानाचं घर विमानतळाच्या उशाशी असताना तू शहराच्या दुसऱ्या टोकाला का झोपणार आहेस? त्या मुलाच्या आईने सांगितलंय ना, गाद्या घालू म्हणून? मग गादीवर झोप. तंबूत नऊ जण झोपत होतात तेव्हा कुठे गेली होती वेगळी खोली?

मला राग येतोय तो तुझ्यावर नाही, हे तुला कळलं असेलच. ही चूक मी पुरेपूर केलेली आहे.

1997 साली मी हिमाचलात चंद्रखणी खिंडीच्या ट्रेकला गेले होते. लग्नाआधीचं वर्ष, घरातून कशीबशी परवानगी मिळालेली. आमच्या तुकडीत जलपाईगुडीचे एक शाळामास्तर होते, पन्नाशीचे, सगळे त्यांना मास्टरमोशाय म्हणायचो. खिंडीच्या दिवशी माझा डावा हातमोजा ओढ्यात वाहून गेला. पुढे बर्फ. बोटं इतकी बधिरली की काठी धरता येईना. मास्टरमोशायनी काही न बोलता आपला डावा मोजा काढून माझ्या हातात घातला आणि स्वतःचा डावा हात कोटाच्या खिशात कोंबून उरलेला दिवस एका हाताने चालले. राखाडी लोकरीचा मोजा होता. अंगठ्याला भोक पडलेलं, ते हिरव्या लोकरीने रफू केलेलं, त्यांच्या बायकोने. तळावर पोचल्यावर धांदलीत तो परत द्यायचा राहिला आणि माझ्याबरोबर पुण्याला आला.

नऊ वर्षं पत्रं चालू होती. दिवाळीला माझं जायचं, पूजेनंतर त्यांचं यायचं. प्रत्येक पत्रात शेवटी एक ओळ, मोजा सांभाळून ठेव, दुसरा माझ्याकडे आहे.

मग 2006 साली आमच्या तुकडीचं कोलकात्याला भेटायचं ठरलं. तेव्हा स्वस्त विमानं नवीन होती. कॅप्टन गोपीनाथांनी 2003 साली एअर डेक्कन सुरू केली आणि आमच्यासारख्या पगारदारांच्या घरात विमानाचं नाव निघायला लागलं. मी सायबर कॅफेत बसून तिकीट काढलं, रात्रीच्या बसने मुंबई गाठली, आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसले. शनिवार सकाळ ते रविवार संध्याकाळ. तुझ्यासारखाच हिशेब. आणि तुझ्यासारखंच मलाही वाटलं की एवढे पैसे घातले आहेत तर वसूल केले पाहिजेत.

विमानतळावरून मी थेट व्हिक्टोरिया मेमोरियलला गेले. तिथून हावडा पूल. मग दक्षिणेश्वर, तिथून होडीने बेलूर मठ. ज्यांच्या घरी जमायचं होतं त्यांचे दोन फोन आले, दोन्ही वेळा मी "निघालेच आहे" म्हणाले. संध्याकाळी वाहतुकीत अडकले. त्यांच्या दारात पोचले तेव्हा सव्वाआठ झाले होते. जेवणाच्या टेबलावर एक ताट उपडं झाकून ठेवलेलं, दुपारपासून. मास्टरमोशाय सकाळपासून तिथे होते, जलपाईगुडीहून रात्रभर प्रवास करून आलेले. दुसऱ्या दिवशी घरी काही कार्य होतं म्हणून रात्रीच्याच गाडीने परतायचं होतं. साडेसातपर्यंत थांबले आणि सियालदह स्टेशनला निघून गेले. उजव्या हाताचा मोजा त्यांनी बरोबर आणला होता. सगळ्यांना दाखवला म्हणे, आता जोडी पुरी होणार म्हणून.

डावा माझ्या पर्समध्ये होता. दिवसभर बेलूरला, दक्षिणेश्वरला, सगळीकडे माझ्याबरोबर फिरला.

पुढेही त्यांची पत्रं आली, अगदी पहिल्यासारखी प्रेमाची. पण मोज्याची ओळ पुन्हा कधी आली नाही. 2011 नंतर पत्रंही थांबली. मी दोनदा लिहिलं, उत्तर नाही. मोजा माझ्या कपाटात वरच्या कप्प्यात आहे. तू लहानपणी एकदा हातात घालून नाचला होतास. आठवतंय का?

मी स्वतःला खूप वर्षं समजावत आले की पहिलंच विमान, पहिलंच कोलकाता, घरी सहा वर्षांचं मूल ठेवून आलेली बाई, पुन्हा कधी यायला मिळेल कुणास ठाऊक. बघितलं तर काय बिघडलं? हे सगळं खरंच आहे. पण बेलूर मठ मला नंतर आणखी दोनदा बघायला मिळाला. म्हणून तेव्हापासून मी नियम धरला. माणसांसाठी निघायचं तर माणसांपाशीच थांबायचं. 2014 साली अहमदाबादला आमच्या तुकडीची भेट झाली, मी साबरमती आश्रमसुद्धा पाहिला नाही. घरचे अजून बोलतात. धाकटी बहीण म्हणते, हा हट्ट झाला, एक तास काढला असता तर कोण रुसलं असतं? कुणीच रुसलं नसतं, हे मलाही माहीत आहे. कोलकात्यालाही कुणी रुसलं नव्हतं. उलट माझं ताट गरम करून दिलं. पण रुसत नाहीत म्हणून आपण उशिरा जायचं का? मला हे पटत नाही, आणि आता या वयात पटवून घ्यायचंही नाही.

आता तुझ्या तिसऱ्या प्रश्नाकडे येते. बोलायला काही उरलं नसेल तर?

पहिले दोन तास तसंच वाटेल, खोटं सांगत नाही. डोंगरात सगळ्यांचे कपडे सारखे मळलेले असतात, घरी आल्यावर कळतं की एक जण डॉक्टर आहे आणि एकाची नोकरी गेली आहे. सारपासच्या त्याच चार गोष्टी निघतील, त्याच फोटोंवर हसाल, आणि मग मध्येच गप्प व्हाल. नेमक्या त्या वेळी कुणीतरी म्हणतं, "चला, बाहेर कुठे जाऊन येऊ." नऊपैकी नऊ जणांना सुटल्यासारखं होतं. तेव्हा उठू नकोस. स्वयंपाकघरात जा आणि खोबरं खवायला माग. सुरतेच्या मुलीला मिरच्या चिरायला बसव. अहमदाबादला आम्ही असेच गप्प झालो होतो, आणि तुरीच्या शेंगा सोलता सोलता आमच्यातली एक जण पाच वर्षांत पहिल्यांदा नवऱ्याच्या आजाराबद्दल बोलली. आलुव्याच्या घरी पेरियार नदी जवळ आहे म्हणतोस. 2018 च्या पुरात तो सगळा भाग पाण्याखाली होता, विमानतळ दोन आठवडे बंद होता. त्याच्या आईला विचार, त्या दिवसांत घरात काय झालं. ती सांगेल, आणि तुम्ही नऊ जण ऐकत बसाल. ते मुन्नारच्या कुठल्याच मळ्यात मिळणार नाही.

आणि समजा नाहीच उरलं काही बोलायला, तरी बस. गप्प बस. तंबूत पाऊस पडत असताना तुम्ही तासन्‌तास गप्प पडून होतात, ते तूच मला कौतुकाने सांगितलं होतंस.

व्यवहाराचं थोडं सांगते, कारण तिथेही तू चुकणार असं दिसतंय. रविवार रात्रीचं शेवटचं विमान धरू नकोस. स्वस्त विमानसेवेचं गणितच असं असतं की विमान दिवसभर एका गावाहून दुसऱ्या गावाला पळत असतं, जमिनीवर जेमतेम अर्धा तास टेकतं. म्हणून तिकीट परवडतं, आणि म्हणूनच सकाळी कुठेतरी झालेला उशीर साठत साठत रात्री तुझ्या पदरात पडतो. शिवाय नोव्हेंबरात केरळात दुपारनंतर गडगडाटी पाऊस येतो. सोमवार सकाळचं काढ आणि अर्धा दिवस रजा टाक. साहेबाला काय सांगायचं ते तुझं तू बघ, पण "महत्त्वाचं काम आहे" असंच सांग, कारण आहे. जाताना मात्र शनिवारी पहाटेचंच घे. रात्रभर मुक्कामाला असलेलं विमान बहुतेक वेळेवर सुटतं. काउंटर तासभर आधी बंद होतो आणि लोहगावचा रस्ता तुला माहीत आहे. दाढी आदल्या रात्री कर.

सीट निवडायचे पैसे देऊ नकोस. खिडकीतून दोन तास ढग बघायला वेगळे पैसे कशाला? आणि ऐन वेळी रद्द करावं लागलं तर "परतावा नाही" लिहिलंय म्हणून तिकीट फाडून टाकू नकोस. सर्वांत स्वस्त तिकिटाचेसुद्धा कर आणि विमानतळाचं शुल्क परत मिळतं, नियमच आहे तसा. मागावं लागतं, एवढंच. पण रद्द करशील तर माझ्याशी गाठ आहे.

सामान हातातलंच, सात किलो. सारपासचीच सॅक नेणार असशील तर आदल्या दिवशी तिचे सगळे कप्पे उलटे करून झटक, वरच्या झाकणातला कप्पासुद्धा. त्यात तुझा घडीचा चाकू आणि लायटर अजून आहे, मी जूनमध्ये सॅक उन्हात टाकली तेव्हा बघितलाय. सुरक्षा तपासणीत काढून घेतील. पॉवर बँक मात्र हातातच ठेव. कपडे दोन जोड बस झाले, तिथे तुला कोण बघायला येणार आहे? जागा रिकामी ठेव, मला लागणार आहे.

त्या माऊलीच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही. मी बाकरवडी केली आहे, तळून गार करून ठेवली आहे. आणि नऊ जणांना पुरतील असे बेसनाचे लाडू. वजन करून बघितलं, दोन्ही मिळून पावणेदोन किलो होतात. म्हणजे तुझ्या कपड्यांना सव्वापाच किलो उरतात. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून येताना घेऊन जा. साडेआठच्या आत ये, मी झाकून ठेवणार नाही.

तुझी,
मावशी