स्वतंत्र संचालक आणि लेखापरीक्षक असूनही मोठ्या कंपन्या का बुडतात, आणि ते आधी कसे ओळखावे?

ज्याला प्रश्न विचारायचे, त्याच्याच मर्जीवर विचारणाऱ्याची खुर्ची टिकून असते. बुडण्याची सुरुवात तिथे होते, असे माझे स्पष्ट मत आहे. नियम तर एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीकडेही होते. वित्तप्रमुख अँड्र्यू फास्टाव यांना कंपनीशीच व्यवहार करणाऱ्या भागीदारी संस्था चालवता याव्यात म्हणून १९९९ मध्ये संचालक मंडळाने आपली आचारसंहिता रीतसर बाजूला ठेवली आणि डिसेंबर २००१ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली.

एका मोठ्या कंपनीच्या सचिव विभागात मी बैठकींचे इतिवृत्त लिहीत असे. प्रवर्तकांच्या, म्हणजे कंपनी उभारून ती ताब्यात ठेवणाऱ्यांच्या, नातेवाइकांच्या कंपनीला विनातारण कर्ज देण्याचा ठराव एकदा ऐनवेळच्या विषयांत आला. परतफेड कोणत्या उत्पन्नातून होणार, असे एका ज्येष्ठ संचालकांनी दोनदा विचारले. अध्यक्षांनी ‘ते नंतर पाहू’ म्हणून पुढचा विषय घेतला. मी तो प्रश्न मसुद्यात जसाच्या तसा लिहिला. मसुदा परत आला तेव्हा त्या परिच्छेदावर लाल रेघ होती आणि समासात ‘सविस्तर चर्चेअंती एकमताने मंजूर’ असे लिहिलेले होते. इतिवृत्त निर्णयांचे असते, वादविवादाचे नव्हे, असे माझ्या वरिष्ठांचे म्हणणे. मला ते तेव्हाही पटले नाही, आजही पटत नाही, कारण लेखापरीक्षक, नियामक आणि भागधारक यांच्या हाती शेवटी तेवढाच कागद येतो. त्या संचालकांची फेरनियुक्ती झाली नाही आणि ते कर्ज पुढे बुडीत धरून निर्लेखित करावे लागले.

सत्यम या भारतीय सॉफ्टवेअर कंपनीच्या संचालक मंडळाने १६ डिसेंबर २००८ रोजी संस्थापकांच्या कुटुंबाशी संबंधित दोन मेटास कंपन्या विकत घेण्यास मंजुरी दिली, ती भागधारक खवळल्यावर काही तासांतच मागे घ्यावी लागली. पुढे ७ जानेवारी २००९ च्या पत्रात अध्यक्षांनी हिशेबात दाखवलेली ५,०४० कोटी रुपयांची रोख आणि बँकेतील शिल्लक अस्तित्वातच नसल्याची कबुली दिली.

ओळखायचेच असेल, तर वार्षिक अहवालातील संबंधित पक्षांशी, म्हणजे प्रवर्तक, संचालक, त्यांचे नातेवाईक आणि त्यांच्या कंपन्यांशी, झालेले व्यवहार वाचा आणि मुदतीआधी ‘वैयक्तिक कारणास्तव’ गेलेले लेखापरीक्षक किंवा वित्तप्रमुख मोजा. अर्थात प्रत्येक वेळी लबाडीच असते असे नाही; कोडॅक २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली ती छायाचित्रणाचे तंत्र बदलल्यामुळे. तरीही भागधारकांच्या सभेत, वर्षभरात किती ठरावांवर आक्षेप नोंदले गेले आणि इतिवृत्ताचा मसुदा अंतिम कोण करते, हे अवश्य विचारा. तो अध्यक्षांच्या कार्यालयात अंतिम होत असेल, तर माझ्या त्या वरिष्ठांचे म्हणणे कितीही रीतीला धरून असले, तरी मी अशा कंपनीत पैसे ठेवणार नाही.