सिस्टर, एक विचारू? : मुलगा ‘ब्रदर’ झाला, बायोडेटात काय लिहू?

प्रश्न : नमस्कार सिस्टर. माझा मुलगा बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. बारावीनंतर नीटमध्ये मार्क कमी पडले, पण सीईटी देऊन त्याने स्वतःहून ही लाइन घेतली आणि तो खूश आहे. आम्ही मात्र चार लोकांत गप्प बसतो. पुतण्याला तलाठ्याची नोकरी लागली तेव्हा गावात फ्लेक्स लागला, सत्कार झाला. त्याच कार्यक्रमात आमचे भाऊजी हसत म्हणाले, “धाकटा पोरगा पोरींच्या कॉलेजात आहे.” पुढेमागे लग्नाचं बघायचं, म्हणून बायोडेटात मी ‘मेडिकल क्षेत्रात’ एवढंच लिहिलं, तर मुलगा चिडला. लोक मान देतील असं करिअर तरी कोणतं? त्याला अजूनही स्पर्धा परीक्षेकडे वळवावं का?
– एक आई, बार्शी

उत्तर : ताई, आधी तो बायोडेटा दुरुस्त करा. ‘मेडिकल क्षेत्रात’ वाचून मुलीकडचे समजणार डॉक्टर, नाहीतर औषधाचं दुकान. मग चौकशी होणार, बार्शीतलं कोणीतरी खरं सांगणार, आणि तेव्हा मुलाचं काम राहील बाजूला, तुम्ही लपवलंत एवढंच लोकांच्या लक्षात राहील. सरळ ‘बी.एस्सी. नर्सिंग’ लिहा. पास झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मिळेल, तीही लिहा.

आता मानाचं. तलाठ्याचा फ्लेक्स लागतो, कारण सातबाऱ्याची नोंद त्याच्या हातून होते. उद्या काम पडणार, म्हणून आज हार. पुतण्याचा यात काही दोष नाही, त्याने रात्री जागूनच परीक्षा काढली असेल. पण नर्सची गरज पडते तेव्हा माणूस उताणा पडलेला असतो, आणि घरी आल्यावर त्याला ते सगळं विसरायचं असतं. आपलं लघवीचं भांडं ज्याने उचललं त्याचा सत्कार कोण करतो?

मी सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका म्हणून लागले आणि अधिसेविका, म्हणजे सगळे मेट्रन म्हणतात ते, होऊन निवृत्त झाले. भांडं उचलणं हा आमच्या कामातला दिसणारा भाग. न दिसणारा भाग तुमच्या भाऊजींना एकदा आयसीयूत रात्री उभं करून दाखवायला हवा. बीपी वाढवायचं औषध पंपावर चालू असतं. त्याचा हिशेब रुग्णाच्या वजनावर, दर मिनिटाला किती मायक्रोग्रॅम असा. दशांश चिन्ह एक घर सरकलं तर काय होईल ते सांगायला नको. बीपी अजून ठीक दिसतंय, पण तासाभरात लघवी कमी झाली, हातपाय गार लागताहेत, माणूस उगाच चादर ओढतोय. प्रकृती ढासळायला लागलीय हे यावरून ओळखून झोपलेल्या डॉक्टरांना उठवायचं की नाही, हे त्या वेळी जो ब्रदर किंवा सिस्टर तिथे असेल तोच ठरवतो. केलेल्या प्रत्येक गोष्टीपुढे वेळ टाकून सही करतो. पुढे काही बिनसलं तर ती सही त्याला विचारली जाते. मी कामाची किंमत यावरून करते : चुकलं तर कोणाचं किती बिघडतं, आणि करणारा नावानिशी जबाब देतो का. याला नशीब लागत नाही, शिक्षण लागतं.

पुरुष वॉर्डात मला ब्रदर कायम कमी पडायचे. एक वयस्क शेतकरी लघवी तुंबून तळमळत होते, तरी सिस्टरला कॅथेटर घालू देईनात. “बाईमाणसानं नको,” एवढंच म्हणत राहिले. बाजूच्या वॉर्डातून ब्रदरला बोलावलं, पडदा ओढला, काम झालं. त्या गृहस्थांना कोणी पोरींचं काम म्हणून दाखवावं!

आणि हे ‘पोरींचं काम’ काही अनादि काळापासून चालत आलेलं नाही. १८५४ मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल क्रिमियाच्या युद्धातल्या जखमींसाठी स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात पोचल्या, तेव्हा तिथे सैनिकांचं करायला पुरुष शिपाईच होते. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांची शाळा निघाली ती मुलींसाठी, आणि पुढे जगभर तोच कित्ता गिरवला गेला. नाइटिंगेल मोठ्या घरच्या. हे काम घराण्याला शोभत नाही असं त्यांच्या आईलाही वाटायचं, तेव्हा तुम्ही एकट्या नाही. आपल्याकडे तर विटाळ, रात्रपाळी, परपुरुषाचा स्पर्श सगळंच आडवं आलं. रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन काढलं आणि तिथल्या मुली, विधवा पुढे ससूनमध्ये नर्सिंग शिकल्या, म्हणून माझ्यासारख्यांना वाट मिळाली. लोक काम बघत नाहीत, ते आजवर कोण करत आलं ते बघतात.

नुसत्या कौतुकावरही माझा विश्वास नाही. २२ मार्च २०२० ला थाळ्या वाजल्या, आणि त्याच सुमारास ठिकठिकाणी घरमालक नर्सना खोली रिकामी करायला सांगत होते. मान बघायचा तो पगारात आणि ड्यूटीच्या तक्त्यात. इथे मात्र तुमची काळजी रास्त आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये शिफारस केली की ५० खाटांपेक्षा लहान खासगी रुग्णालयातही नर्सला महिना २०,००० रुपयांच्या खाली पगार नको, आणि २०० खाटांच्या वर असेल तर राज्य सरकारच्या नर्सइतका हवा. शिफारस चांगली, पण पाळणारे शोधावे लागतात. तेव्हा पहिली नोकरी घेताना खाटा किती आणि आयसीयूत एका नर्सकडे रुग्ण किती, हे दोन प्रश्न मुलाने तोंडावर विचारावेत.

स्पर्धा परीक्षा द्यायचीच तर त्याच्या स्वतःच्या विषयातली आहे की. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर पदासाठी नॉरसेट ही भरती परीक्षा असते, सातव्या वेतन आयोगात मूळ पगार ४४,९०० पासून. मात्र तिथे ८० टक्के जागा स्त्रियांना आणि २० टक्के पुरुषांना, म्हणजे मुलांमध्ये चुरस जास्त. हे त्याला आत्ताच माहीत हवं. जर्मनीचं कोणी सांगत आलं तर आधी भाषेचं विचारा. तिथे नर्स म्हणून मान्यता मिळायला साधारण बी-टू पातळीची, म्हणजे सहा पायऱ्यांतल्या चौथ्या पायरीची, जर्मन लागते, आणि ती एजंटला पैसे देऊन येत नाही.

भाऊजींना उत्तर देत बसू नका. लग्नाची बोलणी सुरू झाली की मुलीला मात्र एक गोष्ट मुलानेच सांगू दे : महिन्यात नाइट किती असतात, आणि दिवाळीला घरी असेनच असं नाही. मी पाहिलेल्या जोडप्यांची भांडणं मानापानावरून कमी आणि ड्यूटीच्या तक्त्यावरून जास्त झाली.