प्लेगच्या मुंबईतला खून, दोघांचं प्रेम आणि न मिळणारी फाईल

"त्या काळातल्या खटल्याची एक तरी मूळ फाईल हाताला लागल्याशिवाय पुढचं प्रकरण लिहिणार नाही." तुमच्या पोस्टमधलं हे वाक्य जवळपास याच शब्दांत माझ्या जुन्या वहीत आहे, म्हणून हे लांबलचक उत्तर.

ज्यांनी मूळ पोस्ट वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. काळ 1896-97, जागा गिरगावातली चाळ. एक छापखान्यात खिळे जुळवणारा, दुसरा तारघरात नोकरीला, आणि दोघांचं प्रेम. भाडं वसूल करणाऱ्या मेहत्याचा खून होतो, मृत्यू प्लेगच्या नावावर खपवला जातो. अर्धी कादंबरी झाली आहे, पण प्रेम लिहायला घेतलं की तपास थांबतो आणि तपास लिहायला घेतला की प्रेम सुकतं. अडचण दुहेरी आहे: फाईल मिळत नाही, आणि हे दोन धागे एकत्र येत नाहीत. माझी कादंबरी पुण्यातली होती, एवढाच फरक.

आधी सांगतो, मी वकील नाही, इतिहासाचा प्राध्यापक नाही, आणि माझी कादंबरी फार कमी लोकांनी वाचली आहे. तेव्हा जेवढं पटेल तेवढंच घ्या. संदर्भ कसे शोधायचे, टिपणं कशी ठेवायची वगैरे तुम्हाला येतंच, ते सोडून देतो.

फाईलबद्दल. मी एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या अभिलेख कक्षात गेलो होतो. कुठला ते सांगत नाही, तिथे आजही काही चांगली माणसं असतील. मला 377 खालच्या, म्हणजे दंडसंहितेच्या ज्या कलमाने पुरुषा-पुरुषांतले शरीरसंबंध गुन्हा ठरायचे त्या कलमाखालच्या, एका जुन्या खटल्याचे कागद हवे होते. मुख्यतः पंचनामा. पहिल्यांदा सांगितलं, विद्यापीठाचं पत्र आणा. मी कादंबरी लिहितोय म्हटल्यावर टेबलामागच्या गृहस्थांनी विचारलं, "कादंबरीला खरे कागद कशाला लागतात?" पत्र मिळवलं, तर त्यावर विषय 'मोघम' आहे म्हणून परत. विषय स्पष्ट लिहिला, तर अर्ज वाचून शेजारच्या टेबलाला दाखवला. हसणं झालं. मग "आपल्याकडे त्या काळी असलं काही नव्हतं" हे ऐकून घ्यावं लागलं. ज्या कलमाचा खटला मी त्यांच्याच नोंदवहीतून शोधून दाखवत होतो, त्या कलमाबद्दल! माहितीच्या अधिकारात अर्ज केला, तर उत्तर आलं की सदर अभिलेख शोध घेऊनही आढळून येत नाही. अपील केलं, तेच वाक्य वेगळ्या सहीने आलं. शेवटी तिथल्याच एका निवृत्त माणसाने चहा पिताना सांगितलं की निकाल तेवढा जपतात, पंचनामे, जबान्या, मुद्देमालाच्या याद्या कधीच रद्दीत गेल्या असणार. हे पहिल्या दिवशी कोणी सांगितलं असतं तर माझी काही वर्षं वाचली असती. कागद नष्ट झाल्याचा राग नाही. नसलेल्या कागदासाठी माणसाला टेबलावरून टेबलावर फिरवत ठेवायचं आणि वर त्याच्या विषयाची गंमत करायची, याचा राग अजून गेलेला नाही. असो.

कादंबरी एका फाईलवर टांगून ठेवू नका. छापील निवाडे वाचा. इंडियन लॉ रिपोर्ट्सची मुंबई मालिका 1876 पासून आहे, त्याआधीचे बॉम्बे हायकोर्ट रिपोर्ट्स आहेत. जुन्या विधी महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत हे खंड असतात आणि तिथे तुमचा विषय कोणी विचारत नाही. 377 खालचे छापील निवाडे मुळात थोडे, आणि त्यातले बहुतेक जबरदस्तीचे किंवा लहान मुलांसंबंधीचे. दोन प्रौढ माणसं राजीखुशीने एकत्र राहतात म्हणून खटला, असं फार कमी दिसतं. हे वाचून मी आधी हिरमुसलो होतो. नंतर लक्षात आलं की कथानकाची किल्ली यातच आहे.

इंग्रजी कादंबऱ्या वाचून आपण भीती लंडनची आणतो. चोरटी नजर, बंद दार, हॉटेलचा नोकर, 1895 चा ऑस्कर वाइल्डचा खटला. वाइल्डला ज्या 1885 च्या ब्रिटिश कायद्याने शिक्षा झाली तो हिंदुस्थानात लागूच नव्हता. इथे होती 1860 ची दंडसंहिता, अंमल 1 जानेवारी 1862 पासून. 377 ची शिक्षा जन्मठेप काळं पाणी किंवा दहा वर्षांपर्यंत कैद, शिवाय दंड. शिक्षा भयंकर, पण गिरगावातल्या तुमच्या दोघांना रोज उठून त्याची धास्ती कशाला असेल? एका खोलीत चार-पाच गडी पथाऱ्या टाकून झोपायचे, खाणावळीत जेवायचे, हातात हात घालून चौपाटीवर जायचे. दोन पुरुष एकत्र राहतात याकडे बघायला कोणाला सवड होती? त्यांना खरी भीती गावाकडून येणाऱ्या पत्राची असणार. "मुलगी पाहिली आहे, मार्गशीर्षात ये." तुमच्या तिसऱ्या प्रकरणात दोघं जिन्यात कुजबुजतात आणि दचकतात, ते मला खोटं वाटलं. कदाचित माझंच चुकत असेल, पण ते दचकणं परदेशी आहे.

तुमचे दोघं लोकांना दिसायला लागतात खून झाल्यावर. पोलीस झडतीला येतात, शेजारचे दोन प्रतिष्ठित गृहस्थ पंच म्हणून उभे राहतात आणि खोलीतली एकेक वस्तू कागदावर उतरते. ट्रंका दोन, पंचे चार, कंदील एक, वळकटी एक. इतकी वर्षं चाळीला जे दिसत असून दिसलं नव्हतं, ते त्या यादीत एका ओळीत येतं. मी माझ्या कादंबरीत प्रेमाचं सगळ्यात मोठं प्रकरण पंचनाम्याच्या भाषेत लिहिलं, आणि ज्या थोड्या वाचकांनी पुस्तक वाचलं त्यातल्या बहुतेकांच्या तेवढंच लक्षात राहिलं. मूळ पंचनामा मला मिळाला नाहीच. 1900 नंतरच्या काही छापील खटल्यांत उतरवलेले तुकडे पाहून भाषा जमवली. पुरेशी जमते. म्हणून तुमच्या दुसऱ्या अडचणीवर माझं मत असं, की तपासाचं प्रकरण आणि प्रेमाचं प्रकरण वेगळं लिहूच नका. इन्स्पेक्टरचा प्रत्येक प्रश्न एकाच वेळी दोन्हीकडे लागला पाहिजे. "रात्री कुठे होतास?" याचं खरं उत्तर तुमच्या नायकाला फासावरून सोडवतं आणि अंदमानच्या रस्त्याला लावतं.

पण इथे कायदा नीट वापरा. 1872 च्या पुराव्याच्या कायद्यात पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध चालत नाही. तुमचा इन्स्पेक्टर चौकीत कबुली मिळवून खटला जिंकतो, ते होणार नाही. मॅजिस्ट्रेटसमोर जबाब व्हायला हवा. त्याच कायद्यात नवरा-बायकोने लग्नाच्या काळात एकमेकांना सांगितलेलं उघड करायला त्यांना भाग पाडता येत नाही. तुमच्या दोघांना हे संरक्षण नाही. तारवाल्याने अंथरुणात सांगितलेलं एक वाक्य खिळेवाल्याला साक्षीच्या पिंजऱ्यात बोलायला लावता येतं. या एका तरतुदीत जेवढं दुःख आहे तेवढं पानभर विरहवर्णनात येत नाही. आणि एक गाठ: 377 मध्ये राजीखुशीचा साथी म्हणजे गुन्ह्यातला भागीदार असायचा, त्याच्या एकट्याच्या साक्षीवर शिक्षा द्यायला न्यायाधीश कचरायचे. म्हणजे एकाने दुसऱ्याला दगा दिला तरी तो पुरेलच असं नाही. खलनायक वकील असेल तर त्याला हे माहीत पाहिजे.

1884 चा अलाहाबादचा खैराती नावाच्या माणसाचा निवाडा अवश्य वाचा. मुरादाबादला बायकांचे कपडे घालून बायकांत गाताना धरलं, डॉक्टरी तपासणी केली, सेशन्स कोर्टाने शिक्षा दिली. हायकोर्टाने ती रद्द केली, कारण कृत्य कधी, कुठे, कोणाबरोबर, यातलं काहीच सिद्ध नव्हतं. निवाड्याची भाषा त्या माणसाबद्दल अजिबात सहानुभूतीची नाही, तरी तो सुटला. तुमच्या 1896 च्या वकिलाच्या हातात हा निवाडा असू शकतो. सुखान्त हवा असेल तर चमत्काराची गरज नाही, वेळ-जागा-व्यक्ती सिद्ध न होणं पुरेसं आहे.

आता वेळेबद्दल, कारण हे तुम्ही वापरलेलं नाही आणि मला राहवत नाही. तेव्हा रेल्वे आणि तारखातं मद्रासच्या वेळेवर चालायचं, शहर मुंबईच्या वेळेवर. मद्रासचं घड्याळ साधारण अर्धा तास पुढे. तुमचा एक नायक तारघरात, दुसरा छापखान्यात! दोघं कोर्टात "दहा वाजता" म्हणतील आणि दोघांचे दहा वेगळे असतील. फिर्यादी पक्ष म्हणेल, एक खोटं बोलतोय. रहस्यकथेला यापेक्षा जास्त काय हवं? हे फुकट देतोय, मला पुण्याच्या कथानकात बसवता आलं नाही.

विषाचं मात्र बदला. सोमल, म्हणजे आर्सेनिक, देऊन प्लेग म्हणून खपवणं जमत नाही. सोमलाने उलट्या-जुलाब होतात, ते पटकीसारखं दिसतं. प्लेगमध्ये ताप, बरळणं, काखेत नाहीतर जांघेत गाठ. धोतऱ्याने माणूस बरळतो, अंग तापतं, तोंड कोरडं पडतं, म्हणून तो जवळचा. पण बाहुल्या मोठ्या होतात, आणि तेवढं एखाद्या हुशार डॉक्टरच्या नजरेला पडू द्या. (विषाची मात्रा कादंबरीत लिहू नका, हे माझं वैयक्तिक मत.) मांडवीत डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला तो सप्टेंबर 1896 मध्ये. त्याआधीच्या महिन्यात तुमची माणसं प्लेगबद्दल बोलतात, ते दुरुस्त करा. बोटांच्या ठशांचा भागही वगळा. कलकत्त्याला ठशांची कचेरी 1897 मध्ये सुरू झाली, गिरगावात तेव्हा कोण ठसे घेणार? आणि मुंबई शहरात संशयास्पद मृत्यूची चौकशी कॉरोनर ज्युरी बसवून करायचा, तुमच्याकडे इन्स्पेक्टरच सगळं उरकतो. पुण्याच्या खेड्यात असता तर पोलीस पाटील आणि पंच चालले असते. कॉरोनरची ज्युरी घ्याच, चाळीतलाच एखादा शेजारी त्यात बसवता येईल.

नाटक कंपनीतला स्त्रीपार्टी नट हा तुमचा तिसरा माणूस, आणि तोच खुनी निघणार असा मला संशय आहे. कृपया नको. लुगडं नेसून रंगभूमीवर उभा राहणारा प्रत्येक नट पुरुषांवरच प्रेम करणारा, हे समीकरण आळशी आहे. 1880 नंतरच्या संगीत नाटकात ती कला होती, पगाराची नोकरी होती, घरी बायको-मुलं असायची. आणि तसा एक जण दाखवून त्यालाच खुनी करायचं म्हणजे त्या कार्यालयातल्या टेबलामागच्या गृहस्थांचंच हसणं आपण छापून द्यायचं. प्रेमिकांपैकी एकाला शेवटी मारण्याबद्दलही मला हेच म्हणायचं आहे. सप्टेंबर 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रौढांमधले राजीखुशीचे समलैंगिक संबंध 377 च्या गुन्ह्यातून वगळले, त्यानंतर तरी आपल्याला जिवंत शेवट लिहिता यायला हवा. माझ्या प्रकाशकाला "वास्तववादी" शेवट हवा होता, आम्ही त्यावर भांडलो, मी जिंकलो, आणि जाहिरात माझ्याच खिशातून झाली.

खाली कोणीतरी दोन स्त्रियांबद्दल विचारलंय. त्यावर थोडक्यात: 377 त्यांच्यावर लावता आलं नसतं, तेव्हा वरचा पोलिसी धाक तिथे चालणार नाही. तिथला धाक म्हणजे नवऱ्याने नांदायला आणण्यासाठी केलेला दावा. रखमाबाईंना 1887 मध्ये कोर्टाने नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असं सांगितलं होतं. त्या दाव्याच्या तारखा आणि खुनाचा तपास एकाच महिन्यात आणून बघा. मला ती कादंबरी वाचायला आवडेल, लिहायला आता उमेद नाही.

तुमचं तिसरं प्रकरण पाठवलंत तर वाचेन. फक्त पंचनामा लिहून झाल्यावर पाठवा, आधी नको.