सिक्वेन्सर नवीन घेतलास ना, मग आधी टेम्प्लेट करून ठेव

भावा, सिक्वेन्सर म्हणजे ठेके-सूर भरून ठेवले की आपोआप वाजवणारं मशीन, ते नवीन आलं की सगळे लगेच गाणं वाजवायला बसतात, तू तसं करू नकोस. पहिले दोन तास नुसते रिकामे पॅटर्न, म्हणजे ठेक्याचे साचे, तयार करण्यात घाल, हेच आपलं टेम्प्लेट. कुठल्या ट्रॅकला कुठला चॅनल ते एकदाच ठरव, मिडीत (वाद्यं-मशीन एकमेकांना जोडायची पद्धत) चॅनल १६च असतात, ड्रम १० वर, बेस १ वर, हार्मोनियमचा आवाज २ वर, आणि हे कुठल्याच पॅटर्नमध्ये बदलायचं नाही बघ.

आता खरी गोष्ट. मशीन एक पॅटर्न १६ स्टेपचा, म्हणजे १६ सारख्या घरांचा, धरून चालतं, पण आपल्याकडं बेळगाव, खानापूर साइडला भजन, आरती वाजवायची म्हटलं की दादरा ताल लागतोच. एका मात्रेला दोन स्टेप धर. केरवा ८ मात्रांचा, म्हणजे १६ स्टेप, बरोबर बसतो, 'खाली' (तालातली टाळी नसलेली जागा) नवव्या स्टेपवर येते. दादरा ६ मात्रांचा, तिथं लेंग्थ १२ कर, 'खाली' सातव्या स्टेपवर. रूपक ७ मात्रांचा, त्याला १४. नुसत्या समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, किक (मोठ्या ड्रमचा ठोका) टाक, मिडीत ती नोट ३६, बाकी मोकळं सोड, म्हणजे नंतर भरायला बरं पडतं.

हे पॅटर्न शेवटच्या बँकेत (मशीनमधला पॅटर्न साठवायचा कप्पा) ठेव आणि कायम कॉपी करूनच काम कर. निपाणीत एकदा गणपतीच्या कार्यक्रमात मी मूळ दादऱ्यावरच एडिट केलं आणि सेव्ह झालं, ऐन आरतीला जुना ठेका मिळेना, लई वाईट वाटलं. आणि कॉम्प्युटरवर बॅकअप आजच घे की.