संघ बदलावे लागले म्हणून खचू नकोस

दोन वर्षांत तिसरा क्लब, म्हणून तू निराश आहेस. अमेरिकी बास्केटबॉलपटू इश स्मिथची कारकीर्द एकदा नीट बघ. 2010 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेत, त्याला कुणीच निवडलं नव्हतं, उंची जेमतेम सहा फूट. तरीही तो एनबीएच्या, म्हणजे तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगच्या, 13 संघांकडून खेळला. तो विक्रम आहे! तेरावा संघ डेन्व्हर नगेट्स, आणि त्याच संघासोबत 2023 मध्ये तो विजेता ठरला.

मला सगळ्यात भावतो तो डिसेंबर 2015. फिलाडेल्फियाचा संघ 31 सामन्यांत फक्त एक जिंकलेला. ट्रेडमध्ये, म्हणजे संघांमधल्या खेळाडूंच्या देवाणघेवाणीत, स्मिथ तिथे आला आणि त्याच्या पहिल्याच सामन्यात त्यांनी फिनिक्सला हरवलं. पुढेही संघ हरतच राहिला, पण निदान चेंडू योग्य माणसाकडे योग्य वेळी पोहोचू लागला.

ट्रेड खेळाडूच्या हातात क्वचितच असतो. तुझ्या हातात आहे ती तयारी. पॉइंट गार्ड, म्हणजे संघाचा खेळ चालवणारा खेळाडू, आहेस ना? मग नव्या कोचचे सेट, म्हणजे ठरवलेले डाव, पहिल्याच आठवड्यात पाठ कर, फक्त स्वतःच्या जागेचे नाही, पाचही जणांचे. कुणाला पास कुठे हवा असतो ते त्यालाच विचार. आणि जुन्या कोचशी संबंध तोडू नकोस. स्मिथला फिलाडेल्फिया, वॉशिंग्टन आणि शार्लट, तिन्ही संघांनी दुसऱ्यांदा घेतलं.